मुलगी लोग्रोन्योला, आई दारूबंदीवाली: स्पेनच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही कसे बसावे?

निवृत्त गुरुजी, मूर्तिजापूर तालुका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला शिक्षक असून आमचे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरपासून बारा किलोमीटरवर आहे. धाकटी मुलगी कृषी पदवी घेऊन पुढे शिकत गेली आणि दोन वर्षांपासून उत्तर स्पेनमधील लोग्रोन्यो या शहरात, द्राक्षवेलींच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. येत्या सप्टेंबरात तिने आम्हा उभयतांना दोन महिन्यांसाठी बोलावले आहे. तिकिटेही निघाली आहेत. अडचण प्रवासाची नाही, तिथल्या जेवणाच्या टेबलाची आहे, म्हणून येथे लिहीत आहे.

दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात, सौ. सामुदायिक प्रार्थनेवरून परतलेली असते, आणि तिकडे दुपार टळत आली तरी आठ-दहा माणसे टेबलाभोवती बसलेली दिसतात. जेवण केव्हाच झालेले असते; ताटल्या उचललेल्या, कापडावर पावाचा चुरा, अर्धे रिकामे पेले, आणि कोणाच्या तरी आजी सुरीकाट्याने पेअरची साल एका लांब पट्टीत सोलत बसलेल्या. उठायचे नाव कोणी घेत नाही. माघ महिन्यातल्या एका रविवारी बोलता बोलता मुलीचा फोन घसरला, आणि इतके दिवस तो ज्या वस्तूला टेकवलेला असे ती वाइनची बाटली आहे, हे सौ.ने पाहिले. मुलीने लपवाछपवी केली नाही. जेवणासोबत एखादा पेला मीही घेते, असे तिने सरळ सांगितले. त्यानंतर दोन रविवार सौ. फोनवर आली नाही.

सौ.चा राग समजण्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गावातील देशी दारूच्या दुकानाविरुद्ध तिने घरोघर फिरून महिलांच्या सह्या गोळा केल्या होत्या, मतदान घडवून आणले होते, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारल्यामुळे ते दुकान बंद झाले होते. त्या आठवड्यात आमच्या टिनांवर रात्री दगड पडत. आता ती म्हणते, "मी जन्मभर बाटली आडवी केली, आता पोरीच्या गावाले जाऊन तिच्या टेबलावर उभी पाहू काय?" यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

मुलीच्या मैत्रिणींची आणि त्यांच्या आईवडिलांची आम्हाला भेटण्याची फार इच्छा आहे, आणि भेटणे म्हणजे जेवायला बसणे हे एव्हाना कळून चुकले आहे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. मला अंडे चालते, सौ.ला चालत नाही. तिथे आम्ही काय खाऊ शकू, वाइनला नाही म्हटले तर मुलीचे लोक दुखावतील काय, आणि आमच्या येण्याने तिने तिथे जमवलेली बैठक अवघडून जाणार नाही यासाठी काय करावे, हे जे तिकडे राहून आले आहेत त्यांनी सांगावे. एक कबुलीही देऊन टाकतो: ती वाइन चवीला कशी असते, याचे कुतूहल मला स्वतःला आहे. ते अजून घरात बोललेलो नाही.


संत्राबाग, मोर्शी

गुरुजी, नमस्कार. मी यजमानांच्या नोकरीमुळे व्हॅलेन्सियाला सहा वर्षे राहून आता गावी परत आले आहे आणि सासऱ्यांची बाग पाहते. वाइनबद्दल जाणते कोणी लिहीलच. मी जेवणाबद्दल आणि बसण्याबद्दल लिहिते, कारण तिथे माझी पहिली चूक बसण्यातच झाली.

आम्हाला पहिल्यांदा रविवारच्या जेवणाला बोलावले तेव्हा दोनची वेळ दिली होती. तीनपर्यंत ऑलिव्ह आणि बदाम, मग जेवण, आणि साडेचारला कॉफी आली. आपल्या रीतीप्रमाणे, माणसे जेवली की घरच्या बाईला पाठ टेकायला मिळावी म्हणून मी उठले, ताटल्या उचलू लागले आणि निघतो म्हणाले. त्या बाईंचा चेहराच उतरला. त्यांना वाटले की आमचे काही तरी बिनसले. जेवणानंतर टेबलावर तसेच बसून राहण्याला स्पॅनिशमध्ये सोब्रेमेसा असा स्वतंत्र शब्द आहे, आणि ज्या पाहुण्याने जेवण केले पण सोब्रेमेसा केली नाही तो त्यांच्या लेखी अर्धाच जेवला. हुरडा संपतो, राख निवत जाते, थंडी वाढते आणि तरीही शेकोटीभोवतून कोणी हलत नाही, तसे ते बसणे आहे. तेव्हा तुमच्या मुलीच्या टेबलावरून कोणी उठत नाही यात वाइनचा हात फार थोडा आहे. कॉफीचे रिकामे कप पुढे ठेवूनही मी तीन-तीन तास बसलेली माणसे पाहिली आहेत.

वेळापत्रकाची तयारी मात्र गावातूनच करून जा. दुपारचे जेवण दोन-अडीचच्या आधी नाही आणि रात्रीचे नऊ-साडेनऊच्या आधी नाही. स्पेनचे घड्याळ 1940 साली जर्मनीच्या वेळेला जोडले गेले ते पुन्हा मागे घेतलेच नाही, त्यामुळे सूर्यही तिथे घड्याळाच्या मानाने उशिरा मावळतो. वहिनी सायंकाळी सातला जेवत असतील तर त्यांच्यासाठी घरी भाकरी टाकून ठेवणे बरे.

आता खाण्याचे. "आम्ही शाकाहारी आहोत" एवढे सांगून भागत नाही, हे आधी लक्षात ठेवा. पुष्कळांच्या मनात मांस म्हणजे समोर ठेवलेला तुकडा. डाळीत चवीपुरता घातलेला सॉसेज, पालकावर भुरभुरलेले डुकराचे मांस किंवा सॅलडवरचा ट्यूना हा त्यांच्या हिशेबात येतोच असे नाही. म्हणून "नो कोमो कार्ने नि पेस्कादो", म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही खात नाही, असे पूर्ण वाक्य म्हणा आणि वर "सिन खामोन, सिन आतून" जोडा, म्हणजे हॅमही नको आणि ट्यूनाही नको. गोड पदार्थांतही सांभाळा: नाताळातले पोल्वोरोन डुकराच्या चरबीत मळलेले असतात. ही काळजी एकदा घेतली की पुढे उपासमार नाही. भाजलेल्या पावावर लसूण चोळतात, मग पिकलेला टोमॅटो चोळतात आणि वर ऑलिव्ह तेल नि मीठ घालतात. ज्वारीच्या भाकरीवर जवसाचे तेल आणि तिखट-मीठ घेऊन जेवलेल्या माणसाला त्यातली गोडी समजावून सांगावी लागत नाही. वांगी आणि ढोबळी मिरच्या निखाऱ्यावर भाजून, सोलून, तेल-मीठ लावून ठेवतात, तिला एस्कालिवादा म्हणतात; फोडणी न दिलेले भरीत म्हणा. पालक आणि हरभरे, बदाम-लसणाचे पांढरे थंड सार, लहान हिरव्या पाद्रोन मिरच्या तेलात परतून वर खडे मीठ. त्या मिरच्यांतली एखादीच तिखट निघते आणि ती कोणाच्या वाट्याला येते यावर टेबलावर हशा पिकतो. तुम्ही दोघांनी ती सहज चावून खाल्लीत की गावात नाव होईल.

सप्टेंबरात तुमच्या मुलीच्या भागात पोचास नावाचे ताजे, पांढरे, शेंगेतून नुकतेच सोललेले दाणे मिळतात. ते बहुधा मांस घालून शिजवतात, पण बिनमांसाचे हवे असतील तर "विउदास" म्हणायचे. त्या शब्दाचा अर्थ विधवा असा आहे. बिनमांसाच्या बटाट्यांना आणि मसुरालाही तिकडे तसेच म्हणतात.

पाएया या तिकडच्या भाताबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचा पाणथळ भाग आहे, तिथे धान पिकते, आणि अस्सल पाएयात कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे वाल आणि केशर असते. समुद्रातले जिन्नस घातलेली पाएया पर्यटक मागतात; मूळची ती शेतातली. रविवारी दुपारी, संत्र्याच्या छाटणीच्या लाकडांवर, आणि शिजवतात बहुधा पुरुष. आपल्याकडे शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला की गोवऱ्यांचा जगरा जसा पुरुष मंडळी सांभाळतात आणि बायकांनी सल्ला दिला की चिडतात, अगदी तसेच. तांदूळ एकदा पसरला की ढवळायचा नाही, तळाशी खरपूस थर धरू द्यायचा. त्या खरपुडीला सोकारात म्हणतात आणि तिच्यासाठी मोठी माणसे चमच्यांनी भांडतात.

येताना मी पाएया शिजवायचा चपटा तवा घेऊन आले. बागेतली संत्र्याची वाळलेली लाकडे, भंडाऱ्याचा जाड तांदूळ, वालाच्या शेंगा, वांगी, टोमॅटो, असा भात मी वर्षातून तीन-चारदा बांधावर करते. सासूबाई त्याला "तव्यावरचा भात" म्हणतात. व्हॅलेन्सियाचा माणूस त्याला पाएया म्हणू देणार नाही. नेमाबाहेरच्या भातासाठी "तांदूळ आणि वस्तू" असे थट्टेचे नाव त्यांच्याकडे आहेच.

जाताना तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, विमानतळावर टोपलीत टाकावे लागतात. आमच्या सासऱ्यांनी संत्री बांधून दिली होती, तीही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. शिवाय व्हॅलेन्सियाला संत्री नेण्यात काय अर्थ होता? संत्र्याला ते नारांखा म्हणतात. तो शब्द आपल्याच नारंगीचा, फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोचलेला.


कोरडवाहू, पुसद

गुरुजी, मी लोग्रोन्योपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आरो या गावी साडेतीन वर्षे राहिलो आहे. तेव्हा वाइनचा भाग माझ्याकडे.

वहिनींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर त्यांना धक्का बसणार नाही: तिकडच्या तळघरांत सगळ्या बाटल्या आडव्याच असतात. बुचाला आतून वाइनचा ओलावा सतत लागावा लागतो, बूच सुकले की ते आकसते, हवा शिरते आणि वाइन आंबते, म्हणून वर्षानुवर्षे बाटल्या निजवून ठेवतात. जमिनीखाली पंधरा-वीस फुटांवर, भिंतींना काळी बुरशी आलेली, एकीवर एक हजारो आडव्या बाटल्या. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आमच्या तालुक्यातल्या मतदानाची चिठ्ठीच आठवली होती आणि सोबतच्या कोणालाही मी का हसतो आहे हे सांगता आले नव्हते.

तुमची मुलगी ज्या ला रिओखा प्रांतात आहे तिथली तांबडी वाइन मुख्यतः तेम्प्रानियो नावाच्या द्राक्षाची. बाटलीवर क्रिआन्सा लिहिलेले असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि त्यातले निदान एक वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात गेलेले असते. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षे, ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच. फ्रान्समधल्या वेली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने जाऊ लागल्या तेव्हा तिथले व्यापारी आरोला आले आणि रेल्वे स्टेशनला लागूनच तळघरे बांधली गेली. कपाशीच्या गाठींसाठी आपल्याकडे स्टेशनाजवळ जिनिंग उभे राहिले, तशीच ती वस्ती दिसते. चव विचाराल तर पहिला घोट तुम्हाला आवडणार नाही. तोंड कच्च्या जांभळासारखे ओढते. खारवलेल्या चीजचा किंवा भाजलेल्या मिरचीचा घास आधी घेतला की तोच घोट निराळा लागतो, आणि त्यामुळेच ते लोक वाइन नुसती पीत बसत नाहीत. घास नसेल तर पेला तसाच राहतो. पेलाही तिसऱ्या भागापर्यंतच भरतात.

लोग्रोन्योला लाउरेल नावाची एक लहानशी गल्ली आहे. तिथे दुकानाला दुकान लागून बार आहेत आणि बहुतेकांचा एकेकच पदार्थ ठरलेला: एकाकडे फक्त लसणाच्या रसात भाजलेली मशरूम, एकावर एक तीन रचून पावावर खोचलेली, वर एक कोळंबी. ती कोळंबी काढायला सांगता येते. मित्रांचा कंपू, ज्याला ते क्वाद्रिया म्हणतात, एका दारात एक घास आणि एक छोटा पेला घेतो, दहा मिनिटे उभ्याने बोलतो आणि पुढच्या दारात जातो. प्रत्येकाने आधी ठरावीक पैसे काढून एकाच्या हाती दिलेले असतात, तोच सगळीकडे चुकते करतो. हे कंपू शाळेपासूनचे असतात आणि त्यात बाहेरच्या माणसाचा शिरकाव फार अवघड. मला दीड वर्ष लागले. तुमच्या मुलीला लोक आईवडिलांसकट बोलावत आहेत याचा अर्थ तिने तिथे मोठी जागा मिळवली आहे, हे दारूच्या गोष्टीत हरवू देऊ नका.

नकार कसा द्यावा, हे सोपे आहे. "मोस्तो" मागा. न आंबवलेला द्राक्षाचा रस, त्या भागातल्या बहुतेक बारमध्ये मिळतो, लहान मुले, गाडी चालवणारे आणि औषधे चालू असलेले म्हातारे सर्रास घेतात, आणि कोणी कारण विचारत नाही. टेबलावर सगळे पेले उंचावून "सालुद" म्हणतात तेव्हा तुमच्या हाती मोस्तो असू द्या. पाण्याने पेला भिडवणे तिकडे अपशकुनी मानतात, एवढे एकच पथ्य.

आणि 21 सप्टेंबरच्या सुमारास सान मातेओचा उत्सव सापडला तर वहिनींना चौकात अवश्य न्या. हंगामाची पहिली द्राक्षे लाकडी टपात टाकून अनवाणी पायांनी तुडवतात आणि निघालेला पहिला रस वाल्व्हानेराच्या माउलीला, म्हणजे त्या प्रांताच्या देवतेला अर्पण करतात. तो रस म्हणजे मोस्तोच. देवीच्या नैवेद्यात मद्य नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.


पोर्लावाली, गडचिरोली जिल्हा

मला येथे थोडे कडू बोलावे लागेल, गुरुजींनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती बायकांनी रस्त्यावर येऊन मिळवलेली आहे. तेव्हापासून आजपर्यंत, तिकडची दारू निराळी, ती संस्कृती आहे, जेवणाचा भाग आहे, हे वाक्य मी किती तरी वेळा ऐकले आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्यातल्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हाही वाइन म्हणजे दारू नव्हे, असेच सांगितले गेले. वरच्या दादांनी इतक्या गोडीने लिहिलेल्या त्या वाइनमध्ये शेकडा 13-14 टक्के मद्यार्क असतो, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपातल्या कार्यालयानेच 2023 साली जाहीर केले आहे. तिसऱ्या भागापर्यंत भरलेला पेला दिवसातून किती वेळा भरतात, हेही दादांनी लिहावे.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नकारासाठी कोणतेही सबब शोधू नये. मी नऊ महिने युरोपात एका अभ्यासवर्गासाठी होते. मी पीत नाही, एवढेच म्हणत असे आणि तेवढे पुरे होत असे. मुलीवर मात्र रागावून फोन बंद ठेवणे मला पटले नाही. आपण ज्या बाटलीशी भांडलो ती पगार गिळणारी आणि रात्री घरात मारझोड करणारी होती. मुलीने आईला खरे सांगितले, ही त्या भांडणाचीच कमाई समजा.


कोरडवाहू, पुसद

ताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. पेला किती वेळा भरतात, याचे प्रामाणिक उत्तर असे की काहींचा दोनदा आणि काहींचा मोजता येणार नाही इतक्यांदा. शनिवारी रात्री मैदानात जमून बाटल्या रिचवणारी तरुण मुले तिकडेही आहेत आणि सकाळी त्या काचा नगरपालिकेचे लोक झाडतात. मीही शेवटच्या वर्षी रोजचा पेला बंद केला होता. माझा मोस्तोचा सल्ला त्या वर्षाच्या अनुभवातलाच आहे, आणि त्या वर्षात माझा एकही मित्र कमी झाला नाही.


वैनगंगाकाठ, भंडारा

गुरुजी, सर्वांनी टेबलावरच्या जेवणाबद्दल लिहिले. मी उभ्याने जेवण्याबद्दल लिहितो, कारण वहिनींना आपले वाटेल असे अन्न मला तिथेच भेटले. मी एका सौर प्रकल्पावर तंत्रज्ञ म्हणून ला मान्चा भागात तीन वर्षे होतो. तो प्रदेश आपल्यासारखाच उघडा, उन्हाळ्यात भाजणारा आणि हिवाळ्यात बोचणारा आहे.

पहिल्याच जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, कामावरच्या लोकांनी शेतातल्या घरी बोलावले. चुलीवर लांब दांड्याची कढई, तेलात भरपूर लसूण, मग लाल तिखटासारखी पिमेन्तोनची पूड, मग कसलेसे पिवळसर पीठ परतले, पाणी ओतले आणि तो माणूस गुठळ्या होऊ नयेत म्हणून जिवाच्या आकांताने घोटू लागला. मी म्हटले, हे तर पिठले आहे. त्याला ते गाचास म्हणतात. पीठ कशाचे, म्हणून विचारले तर एकाने कोठारातून मूठभर दाणे आणून दाखवले: कोनदार, चपटे, राखाडी. लाखोरी! आमच्या भागात धान निघाले की ओलीवर शिंपतात ती लाखोरी, तिकडे तिचे नाव आल्मोर्ता. माझ्या आजीच्या डब्यातले दाणे परक्या माणसाच्या तळहातावर पाहून मला काही क्षण बोलवेना.

लाखोरीची बदनामीही दोन्हीकडे सारखीच आहे. दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडतात. माद्रिदच्या 1811-12 च्या उपासमारीत लोक याच पिठावर जगले आणि गोया या चित्रकाराने ते दृश्य छापचित्रात कोरून ठेवले आहे. 1967 च्या अन्नसंहितेने तिकडे माणसांच्या खाण्यासाठी तिची विक्री बंद केली, आपल्याकडेही लाखोरी डाळीवर अनेक वर्षे बंदी होती, आणि दोन्हीकडचे लोक आपले हिवाळ्यात थोडीथोडी खातच राहिले. कधीमधी खाण्याने काही होत नाही.

मूळ पदार्थात डुकराच्या चरबीचे तुकडे तळतात. पण मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी पुढच्या खेपेपासून दुसरी लहान कढई वेगळी चढवली. खाण्याची रीत अशी की सगळ्यांनी कढईभोवती उभे राहायचे, एकाने पुढे येऊन पावाचा तुकडा बुडवायचा आणि एक पाऊल मागे सरायचे, म्हणजे दुसऱ्याला जागा होते. "एक चमचा आणि एक पाऊल मागे" अशी म्हणच आहे. जो मागे सरत नाही त्याला हसतात. वाइनचे एक भांडे हातोहात फिरत होते. माझ्यापर्यंत आले की मी पुढच्याकडे देत असे आणि त्यावर कोणी एक शब्द बोलले नाही.

लोग्रोन्योला गाचास सहसा दिसायचे नाहीत, पण वहिनींनी एका रविवारी तिथल्या मंडळींना आपले पिठले आणि ज्वारीची भाकरी करून घालावी असे मला वाटते. पीठ, जवसाची चटणी, कुरड्या, सरगुंडे नेता येतात. ठेचा मात्र दाखवण्यापुरताच ठेवा. तिखट त्यांना अजिबात सोसत नाही, आणि पाहुणचाराच्या भरात कोणी तरी मोठा घास घेतल्याशिवाय राहणार नाही.


निवृत्त गुरुजी, मूर्तिजापूर तालुका

सर्वांचा ऋणी आहे. हे सर्व मी सौ.ला ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवले, फक्त माझ्या कबुलीचा भाग वगळला होता. पण तिने नंतर चष्मा लावून स्वतः वाचले. त्यावर ती काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाली की कच्च्या जांभळासारखी चव असेल तर आपल्या धुऱ्यावर जांभळे आहेतच, तेवढ्यासाठी इतक्या दूर कशाला जावे.

गडचिरोलीच्या ताईंचा निरोप तिने दोनदा वाचून घेतला. तिने मुलीची जुनी वही काढून तिच्यात मोस्तो, विउदास, सिन खामोन, सिन आतून असे शब्द ओळीने उतरवले आहेत, आणि विउदास या शब्दाशी थांबून, विधवेच्या नावाचे जेवण तिकडे कमी दर्जाचे समजतात काय, असे विचारले. संत्राबागवाल्या ताईंना याचे उत्तर ठाऊक असल्यास अवश्य लिहावे. तिकिटे 12 सप्टेंबरची असल्यामुळे उत्सव सापडेल. लाखोरी आमच्या भागात कोणी पेरत नाही, म्हणून ज्वारीचे पाच किलो आणि बेसनाचे दोन किलो पीठ न्यायचे ठरले आहे.

परवाच्या रविवारी कॉल आला तेव्हा मुलीने फोन पाण्याच्या जगाला टेकवला होता. जग गोल असल्यामुळे फोन सारखा कलत होता आणि आम्हाला अर्धा वेळ छतच दिसत होते. सौ.ने पाच मिनिटे ते सहन केले आणि मग म्हणाली, "बाटली कुठी गेली वं? तिलेच टेकवत जाय, तुयं तोंड बराबर दिसते."


संत्राबाग, मोर्शी

गुरुजी, वहिनींना सांगा, कमी दर्जाचे मुळीच समजत नाहीत. माझ्या शेजारच्या आजी आठवड्यातून दोनदा विउदास मसूर शिजवत आणि पहिली वाटी नेहमी मला आणून देत. त्यात एक तमालपत्र, एक अख्खा कांदा आणि शेवटी चमचाभर पिमेन्तोन असे. वहिनींनी वरून जिरे-मोहरीची फोडणी दिली तर आजींचा आक्षेप नसावा.